पीएचडी कर, पण फुकट नको

पत्र असं आहे, थोडं कापून देते:

"मॅडम, मी काटोलजवळच्या गावची, नागपुरात रूम करून राहते, यंदा एमएस्सी जिऑलॉजी झालं. डिझर्टेशन बसाल्टवर (लाव्हा थंड होऊन झालेला काळा दगड) होतं, आमच्याच विहिरीचं खोलीकरण चालू होतं तिथले सॅम्पल घेतले. मला मॅग्मा आणि ज्वालामुखीचे दगड हेच करायचंय, पीएचडी आणि मग प्रोफेसर. एक सर गाईड व्हायला तयार आहेत, फेलोशिप नाही पण रजिस्ट्रेशन करून टाक म्हणतात, पुढचं पुढे पाहू. बाबा म्हणतात जीएसआयची (भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण, सरकारी खातं) परीक्षा दे, संत्र्याचा काही भरवसा नाही. विहिरीत लाल मातीचा पट्टा लागला तेव्हा बाबांनी विचारलं हे काय, मी सांगितलं पण त्यांना काही पटलं नाही. मैत्रिणी मला गिट्टीवाली म्हणतात, नागपुरात कुठला आला ज्वालामुखी म्हणून हसतात. आणि खरं सांगू का, मी आयुष्यात एकही ज्वालामुखी पाहिला नाही. काय करू?"

गिट्टीवाली, (हेच नाव ठेवते, चांगलंय) आधी त्या हसण्याचं उरकून टाकू. ज्या शहरात गिट्टीखदान नावाची अख्खी वस्ती आहे तिथे ह्या पोट्ट्या कोणाला हसून राहिल्या? बर्डीवर मेट्रोतून उतरल्या की किल्ल्याच्या टेकडीकडे पाहा म्हणावं, तो लाव्हाच आहे, फक्त थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली.

आणि ज्वालामुखी न पाहिल्याचं ओझं तर अजिबात घेऊ नको. भारतात चालू ज्वालामुखी एकच, अंदमानातलं बॅरन बेट, तो 1787 मध्ये पेटल्याची नोंद आहे, नंतर बरीच वर्षं झोपला आणि 1991 पासून परत अधूनमधून धूर सोडतो, तिथेही बोटीतून लांबून पाहायचं. माझी पीएचडी झाली तेव्हा मीही पाहिला नव्हता. आणि मॅग्मा तर धगधगत्या ज्वालामुखीवर उभं राहूनही दिसत नाही, तो खालीच असतो, वर आला की त्याला लाव्हा म्हणतात, येता येता त्यातला गॅस निघून जातो, वाटेत काही क्रिस्टल खालीच बसतात, आजूबाजूचा दगड थोडा विरघळून त्यात मिसळतो. म्हणजे आपलं काम कसं, तर दुसऱ्याच्या घरची भाजी खाऊन फोडणीत काय काय पडलं होतं आणि कोणतं आधी पडलं ते ओळखायचं. गॅसजवळ उभं राहायची गरज नाही, पण जीभ पाहिजे.

ती जीभ तुझ्याकडे आहे का हे मला तुझ्या पत्रावरून कळलं नाही. ज्वालामुखी आवडणं सोपं आहे, व्हिडिओ पाहून सगळ्यांनाच आवडतात. रोजचं काम वेगळंच असतं. थिन सेक्शन म्हणजे दगडाची 0.03 मिलिमीटर जाडीची चकती, ती मायक्रोस्कोपखाली ठेवून स्टेज (खालची फिरती तबकडी) फिरवायची. बसाल्टमधली खनिजं दिसतात, प्लॅजिओक्लेजच्या काळ्यापांढऱ्या पट्ट्यापट्ट्यांच्या काड्या, मधे ऑगाईटचे निळे पिवळे गुलाबी तुकडे, कुठे ऑलिव्हीनचं झिजून हिरवंतपकिरी झालेलं भूत, आणि मध्येच एखादा मोठा प्लॅजिओक्लेज असा येतो की स्टेज फिरवली तर तो एकदम काळा होतच नाही, आधी मधला गाभा काळा होतो, मग एकेक कडं, कांद्यासारखं. प्रत्येक कड्याची रचना जराशी वेगळी, म्हणजे तो क्रिस्टल वाढत असताना भोवतालचा मॅग्मा बदलत होता, कदाचित नवा माल खालून येऊन मिसळला, कदाचित नुसताच थंड झाला, ते ठरवायला अजून दहा गोष्टी तपासाव्या लागतात. मग ती कडी मोजायची. मग पुढची स्लाईड. मग पुढची. डिझर्टेशन करताना तुला ह्या भागाचा कंटाळा आला असेल आणि फक्त फील्डची मजा आली असेल, तर जीएसआय तुझ्यासाठी जास्त बरं, खरंच. पण जर संध्याकाळी लॅब बंद करायला शिपाई आला आणि तुला वाटलं असेल की अजून एक स्लाईड, तर पुढचं वाच.

आता मुद्द्याचं. त्या सरांना नाही म्हण. नम्रपणे, पण नाहीच. फेलोशिप नसताना रजिस्ट्रेशन करायचं नाही, ह्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही आणि तूही ऐकू नको. इतिहासात किंवा मराठीत पीएचडी करणारा माणूस निदान लायब्ररीत बसून काही काम पुढे ढकलू शकतो (त्यांचेही हाल असतातच, त्यांनी रागावू नये), पण आपल्या विषयात पैशाशिवाय पान हलत नाही. फील्डची गाडी, सॅम्पल कापणं, स्लाईड बनवणं, मग पूड करून एक्सआरएफ मशीनवर मेजर एलिमेंट (जास्त असलेली मूलद्रव्यं), आयसीपीएमएस मशीनवर ट्रेस (अगदी कणभर असलेली), एकेका सॅम्पलला काही हजार जातात आणि थिसिसला पन्नास-साठ सॅम्पल तरी लागतात. क्रिस्टलची ती कांद्याची कडी मोजायची तर ईपीएमए (क्रिस्टलच्या एकेका ठिपक्याची रचना मोजणारं मशीन) लागतं, त्याचा स्लॉट मिळायला महिनोन्‌महिने. आयसोटोप (एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वजनाचे अणू) आणि वय काढायचं म्हटलं तर तो खर्च आणखी वेगळा. हे सगळं तू बाबांच्या संत्र्याच्या बागेतून करणार आहेस का? मृग बहर गळाला त्या वर्षी काय करशील? फेलोशिप नसलेल्या किती मुली मी पाहिल्यात, सहा सहा सात सात वर्षं, आधी कोचिंग क्लासला शिकवायचं, मग लग्न, मग आरआरसीसमोर (विद्यापीठाची संशोधन समिती) एक्स्टेंशनचा अर्ज, आणि शेवटी जुन्याच डेटावर कसाबसा थिसिस. हुशारी कोणातच कमी नव्हती.

"पुढचं पुढे पाहू" म्हणणारा गाईड वाईट असतो असं नाही, बरेचदा प्रेमळच असतो. पण त्याला एवढं तरी विचारायचं की सर माझे सॅम्पल कोणत्या लॅबला जातील, पैसे कोणत्या प्रोजेक्टमधून, आणि तुमच्या आधीच्या विद्यार्थ्याला ॲनालिसिस हातात यायला किती दिवस लागले. उत्तर तोंडावर मिळालं तर माणूस पक्का. जमेल गं, होऊन जाईल असं आलं तर चहा पिऊन परत ये.

माझं सांगते. माझे पहिले अठ्ठावीस सॅम्पल होते, दोन सीझन फिरून आणलेले, पाठीवर. एका लॅबमध्ये पूड करायला दिले, त्यांनी टंगस्टन कार्बाईडच्या मिलमध्ये दळले आणि मी विचारलं नाही कशात दळता म्हणून, मला वाटलं पूड ती पूड. रिझल्ट आले तर टंगस्टन आणि कोबाल्ट आकाशात, टॅन्टलमही बिघडलेलं, कारण मिलचाच माल घासून दगडात मिसळला होता. ट्रेस एलिमेंटचे जे आलेख टॅन्टलमवर उभे राहतात ते सगळे गेले. त्यातच नऊ सॅम्पलचा एलओआय (दगड तापवल्यावर किती वजन घटतं ते) इतका जास्त की दगड आतून सडलेला, भोकांमध्ये झिओलाईट नावाचं नंतरचं खनिज भरलेलं, ते मी फील्डवर हातोडा मारतानाच टाकून द्यायला हवे होते पण कड्यावर चढून काढले होते ना, जीव होईना टाकायला. दीड वर्ष गेलं. मी टिकले ते फक्त फेलोशिप चालू होती म्हणून, महिन्याला पैसे येत होते म्हणून परत फील्डला जाऊ शकले, ह्या वेळी ताजा दगड निवडला आणि अगेटच्या (कठीण दगडाच्या) मिलमध्ये दळून घेतला, स्वतः समोर उभं राहून. फेलोशिप नसती तर मी त्याच वर्षी सोडून दिलं असतं, हे मला आजही स्वच्छ दिसतं.

तर फेलोशिप कशी. सीएसआयआर नेट, अर्थ सायन्सचा पेपर, वर्षातून दोनदा असतो. त्यातून जेआरएफ (संशोधनाची फेलोशिप) मिळाली तर 2023 पासून महिना 37,000, दोन वर्षांनी 42,000, वर घरभाडं. गेटचा जिऑलॉजीचा पेपरही दे, आयआयटीत पीएचडीला त्याचा उपयोग होतो. तुझा प्रवर्ग पत्रात नाही लिहिलास, पण महाज्योती, सारथी, बार्टी ह्या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएचडी फेलोशिप आहेत, महाज्योतीचं ऑफिस तर नागपुरातच, जाऊन स्वतः विचार, व्हॉट्सॲपवरच्या पीडीएफवर विश्वास ठेवू नको.

आणि बाबा म्हणतात ती परीक्षाही दे. ह्यात भांडण आहेच कुठे? यूपीएससीची कम्बाइंड जिओसायंटिस्ट परीक्षा, फॉर्म साधारण सप्टेंबरात निघतो, प्रिलिम फेब्रुवारीत, खुल्या प्रवर्गाला वयाची अट 32. मेन्सला इग्नियस पेट्रोलॉजी, मिनरॉलॉजी, जिओकेमिस्ट्री हेच सगळं लिहायचं असतं जे नेटला वाचशील, फक्त इथे हाताने लिहायचंय. एकच अभ्यास, दोन दारं. बोवेनची रिॲक्शन सिरीज (मॅग्मा थंड होताना कोणतं खनिज आधी बनतं त्याचा क्रम) दोन्हीकडे येते, पण पाठ करून नको, फेज डायग्रामवर (कोणत्या तापमानाला काय वितळतं त्याचा आलेख) बोट ठेवून समजावता आली पाहिजे, त्याने शंभर वर्षांपूर्वी भट्टीत सिलिकेट वितळवून वितळवून ते काढलंय, नुसती बाणांची आकृती नाही ती. जीएसआयमध्ये लागलीस तर सुरुवातीचं बेसिकच 56,100 आहे, नागपुरात सेंट्रल रीजनचं ऑफिस सेमिनरी हिल्सला आहे पण पोस्टिंग नागपूर मिळेल ह्या भ्रमात राहू नको, राजस्थानातही टाकतील, नागालँडमध्येही टाकतील, आणि काम बसाल्टवरच देतील असंही नाही, दोन वर्षं ग्रॅनाईटचं मॅपिंग करशील. परवानगी घेऊन नोकरीत राहून पीएचडी केलेले लोक आहेत, जड जातं, पण त्यांच्या घरी दर महिन्याच्या एक तारखेला टेन्शन नसतं.

प्रोफेसर होण्याबद्दल तर मी तुला गोड बोलणार नाही. 2023 पासून असिस्टंट प्रोफेसरसाठी पीएचडी सक्तीची नाही, नेट किंवा सेट चालते. म्हणजे नुसत्या नोकरीसाठी पीएचडी करत असशील तर सेट काढ आणि मोकळी हो. पण जागा कुठे आहेत? आपल्याकडे जिऑलॉजीचे डिपार्टमेंट आधीच मोजके, एक माणूस रिटायर झाला की ती जागा भरायला वर्षं जातात आणि तोवर सीएचबीवर तासाच्या हिशोबाने शिकवायचं, पगार सहा सहा महिन्यांनी एकदम, दिवाळीची सुट्टी म्हणजे बिनपगारी. मीही केलंय, तीन वर्षं, सकाळी एका कॉलेजात दुपारी दुसऱ्या, मधे व्हरायटी चौकात उभं राहून तर्री पोहे, हेच जेवण. म्हणून संशोधनच करायचं असेल तर डोकं फक्त विद्यापीठात अडकवून ठेवू नको. हैदराबादचं एनजीआरआय, अहमदाबादचं पीआरएल, आयआयटी मुंबईचं अर्थ सायन्स, आयसर, ही सगळी पाहा. विषय कुठे जास्त आवडतो ह्यापेक्षा मशीन कुठे चालू आहे ते आधी बघायचं. चालू म्हणजे चालू, उद्घाटनाचा फोटो नाही.

आता विषय. ह्या भागावर लिहायला बसले की मला थांबवता येत नाही, तरी.

तुझ्या मैत्रिणींना वाटतं नागपूर म्हणजे ज्वालामुखीपासून लांब. आपण डेक्कन ट्रॅपच्या, म्हणजे ह्या लाव्हा थरांच्या पठाराच्या, पूर्वेच्या काठावर बसलोय, काठ अगदी शहरातून जातो. काटोल, नरखेडकडे काळी माती आणि ट्रॅप, पूर्वेला भंडाऱ्याकडे निघालं की जुने नाईस (दाबाने-उष्णतेने बदललेले दगड), कामठी-सिल्लेवाड्याला कोळशाचे गोंडवाना थर. एका सिटी बसच्या तिकिटात एवढं पृथ्वीवर फार ठिकाणी मिळत नाही. हे सगळं आधी पायी फिरून नोंदवणारा स्टीफन हिस्लॉप, हो तोच कॉलेजवाला, मिशनरी होता. त्याला टाकळीला, म्हणजे आता शहरातच आलेल्या भागात, दोन लाव्हा थरांच्या मधे गोड्या पाण्यातल्या गोगलगायी आणि झाडांचे जीवाश्म सापडले. म्हणजे एक लाव्हा येऊन थंड झाला, त्यावर तळं झालं, गोगलगायी नांदल्या, आणि मग वरून दुसरा आला. 1855 साली त्याने आणि त्याच्या सोबतच्या मिशनरी हंटरने मिळून नागपूरच्या भूशास्त्रावर पेपर छापला. (1863 मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून रात्री परत येताना नाल्यात बुडून गेला बिचारा. पावसाळ्यात नाला ओलांडायचा नाही, कितीही छान आउटक्रॉप (उघडा पडलेला दगड) पलीकडे असो.)

हे थर नेमके कधी आणि किती अंतराने आले, तोच आजही भांडणाचा विषय आहे. पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला हा लाव्हा डायनोसॉर संपले त्याच सुमाराला आला, पण नेमका आधी की नंतर? 2019 मध्ये एकाच महिन्यात दोन टीमचे पेपर आले, दोन्ही सायन्समध्ये. एकीने थरांच्या मधल्या झिरकॉन खनिजावरून युरेनियम-शिसे पद्धतीने वयं काढली आणि म्हणाली एक मोठा उद्रेक नाश व्हायच्या आधी हजारो वर्षं झाला. दुसरीने प्लॅजिओक्लेजवर आर्गॉन पद्धत वापरली आणि म्हणाली तीन चतुर्थांश लाव्हा नंतर आलाय. तोच घाट, तेच दगड. आणि दोघींचे बहुतेक सॅम्पल पश्चिम घाटातले, कारण तिथे जाडी आहे, रस्ते आहेत, आंबेनळी पोलादपूर महाबळेश्वर अशी थरांची नावं बसलेली आहेत. आपल्याकडचे चिखलदऱ्याचे, छिंदवाडा-मंडल्याकडचे फ्लो (लाव्हाचे थर) कधी कधी एलिमेंटच्या हिशोबाने आंबेनळीसारखे दिसतात पण शिशाच्या आयसोटोपमध्ये जुळत नाहीत. मग ते तिकडून वाहत आले की इकडचीच वेगळी भेग होती? हा पीएचडीचा प्रश्न आहे, आणि पुण्याच्या मुलीपेक्षा तुला तो सोपा पडतो कारण तुझं घर त्यावर आहे. गाईडच्या कपाटातला उरलेला विषय घेऊ नको.

फील्डचं दोन शब्दांत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, मे महिन्यात नागपूरच्या उन्हात हिरोगिरी करायची नाही. डोंगरावर गवतात आउटक्रॉप शोधत बसण्यापेक्षा विहिरी, खदानी, रेल्वेचे कटिंग पाहा. समृद्धी महामार्गाने बसाल्ट इतका ताजा कापलाय की पाहून लाळ गळते, पण तिथे गाडी थांबवता येत नाही, मी दरवेळी काचेला नाक लावून जाते आणि नवरा म्हणतो लहान मूल आहेस का. एकटी जायचं नाही, गावात गेल्याबरोबर पोलीस पाटील किंवा सरपंचाला सांगायचं, वनखात्याची परवानगी कागदावर घ्यायची, आणि चष्मा घालून घण मारायचा, बसाल्टची कपची डोळ्यात गेली तर कोणताही थिसिस परत डोळा देत नाही.

तर वर्षभराचं असं ठरव, दोन नेट, एक जिओसायंटिस्ट, एक गेट, रजिस्ट्रेशन शून्य. जेआरएफ लागली तर बाबांना मी स्वतः फोन करीन हवं तर. पुढच्या वर्षीही नाहीच लागली आणि जीएसआयची लिस्ट लागली, तर जा जॉइन हो, हळहळत बसू नको, दगड तिकडेही आहेत.

राहिले बाबा. तुझं समजावणं त्यांना पटलं नाही म्हणतेस, तू त्यांना काय सांगितलं असशील ते मी ओळखते, बोल बेड, वेदरिंग प्रोफाईल, असंच ना? साधं सांग. वरचा काळा दगड एक लाव्हा, खालचा काळा दगड दुसरा, आणि मधे खालच्याची वरची साल ऊनपावसात कुजून लाल माती झाली, मग तिच्यावर गरम लाव्हा आला नि ती भाजली, वीटभट्टीसारखी. (कुठे कुठे त्यात राखही असते, पण ते आत्ता नको.) मग त्यांना विचार की शेजारच्या विहिरींत लाल किती फुटांवर लागला. तुझ्यापेक्षा त्यांना जास्त माहीत असणार, कोणाची विहीर कधी खणली, किती खोल गेली, कुठे फसली, शेतकऱ्याला सगळं पाठ असतं. चारपाच विहिरींची खोली आणि काठाची उंची एका वहीत लिही, म्हणजे तो पट्टा सपाट आहे की एका बाजूला झुकतोय ते कळेल, आणि बाबाच तुझे पहिले फील्ड असिस्टंट होतील, पगाराविना.

मोजताना दोरीला दगड बांधून सोड, मोबाईलच्या ॲपवर भरवसा नको, आणि विहिरीत वाकताना कोणीतरी मागून धरलेलं असू दे. आकडे आले की मला पाठव.